दुकानातली विद्या : लिओना रोस्टेनबर्ग आणि मॅडलिन स्टर्न

ग्रंथप्रेमाविषयी मराठीत भरभरून लिहिले गेले आहे. ग्रंथविक्रीविषयी त्या मानाने फारच थोडे. लेखक, वाचक, ग्रंथपाल, संशोधक यांना आपण मान देतो. विक्रेता मात्र आपल्या लेखी मधला माणूस. इकडचे पुस्तक तिकडे करायचे आणि मध्ये चार पैसे सुटतील ते पाहायचे, एवढेच त्याचे काम असे आपण धरून चालतो. त्यातही तो जुनी पुस्तके विकणारा असेल, तर त्याला रद्दीवाल्यांत जमा करून मोकळे होतो. लिओना रोस्टेनबर्ग आणि मॅडलिन स्टर्न या दोघींची ही ओळख वाचल्यावर ती समजूत टिकणार नाही. ती टिकू नये असे मला मनापासून वाटते, म्हणूनच या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला मी आनंदाने होकार दिला.

लिओना (१९०८–२००५) आणि मॅडलिन (१९१२–२००७) दोघी न्यूयॉर्कच्या. दोघी कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या. १९४४ साली लिओनाने ब्राँक्समधल्या राहत्या घरी दुर्मीळ ग्रंथांचा व्यवसाय मांडला. दुसऱ्याच वर्षी मॅडलिन शाळेतली नोकरी सोडून त्यात भागीदार झाली. पुढे जवळजवळ साठ वर्षे दोघींनी एकत्र पुस्तके शोधली, विकत घेतली, तपासली, त्यांचे कॅटलॉग काढले आणि ती विकली. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात छापलेले ग्रंथ, छोट्या पुस्तिका आणि पत्रके हा त्यांचा मुख्य माल. याच्या जोडीने दोघींनी स्वतः पुस्तके लिहिली, आणि तीही थोडीथोडकी नव्हेत: मुद्रकांचे आणि प्रकाशकांचे इतिहास, चरित्रे, संपादने, आठवणी. त्यांच्या घरात दुकान आणि अभ्यासिका अशा दोन खोल्या नव्हत्या. एकाच टेबलावर दोन्ही कामे चालत.

मराठी वाचकाला ही नावे परकी वाटली, तरी त्यांच्या कामाशी त्याचे एक जुने नाते आहे. लुइसा मे अल्कॉटची कादंबरी शांता शेळके यांनी ‘चौघीजणी’ या नावाने मराठीत आणली आणि आपल्याकडच्या कितीतरी मुली ती वाचत मोठ्या झाल्या. त्या कादंबरीतली ज्यो घरखर्चाला हातभार लागावा म्हणून एका साप्ताहिकाला थरारक, सनसनाटी गोष्टी लिहून देते. त्यांवर आपले नाव येऊ देत नाही. प्राध्यापक भेअर यांचे अशा लेखनाविषयीचे मत कळल्यावर तिला लाज वाटते आणि ती सगळा गठ्ठा शेगडीत घालते. ज्योने जे केले ते अल्कॉटने स्वतःही केले होते. मात्र तिच्या त्या गोष्टी जळून गेल्या नव्हत्या. टोपणनावाआड त्या तशाच पडून होत्या, आणि ते टोपणनाव शोधून काढले ते लिओनाने.

त्या शोधाकडे वळण्याआधी लिओनाचे शिक्षण कसे झाले ते पाहिले पाहिजे, कारण शोधाची किल्ली तिथेच आहे. कोलंबियात ती इतिहासाची विद्यार्थिनी होती. प्रबंधासाठी तिने विषय घेतला तो पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या स्ट्रासबर्गच्या मुद्रकांचा. त्यासाठी १९३६ साली ती स्ट्रासबर्गला गेली आणि तिथल्या ग्रंथालयात बसून जुनी छापील पुस्तके एकामागून एक पाहत राहिली. स्ट्रासबर्ग हे छपाईचे अगदी सुरुवातीचे आणि मोठे केंद्र. लिओनाचे म्हणणे असे होते की, त्या काळचा मुद्रक म्हणजे विद्वानांनी दिलेला मजकूर खिळ्यांत जुळवून देणारा निव्वळ कारागीर नव्हता. कोणते हस्तलिखित छापायचे, ते कोणाकडून तपासून घ्यायचे, लॅटिनमध्ये काढायचे की लोकांच्या भाषेत, मोठ्या आकारात की खिशात मावेल असे, हे सारे तो ठरवत असे. नव्या विद्येला वळण लावणाऱ्यांत तोही एक होता.

आज ‘ग्रंथाचा इतिहास’ ही एक स्वतंत्र ज्ञानशाखा आहे आणि तिच्यात हे विधान सर्वमान्य आहे. पण लिओना ते मांडत होती तेव्हा ल्यूसियाँ फेव्र आणि आँरी-झाँ मार्ताँ यांचा या विषयावरचा पायाभूत फ्रेंच ग्रंथ यायला वीसएक वर्षे अवकाश होता. एलिझाबेथ आयझेन्स्टाइन यांचा छपाई आणि युरोपातले परिवर्तन यावरचा ग्रंथ तर १९७९ साली आला. मार्गदर्शक प्राध्यापकांना लिओनाची मांडणी पटली नाही आणि विद्यापीठाने प्रबंध नाकारला. त्याच विद्यापीठाने १९७३ साली, तोवर प्रसिद्ध झालेल्या तिच्या संशोधनाच्या आधारावर, तिला डॉक्टरेट दिली. तेव्हा ती चौसष्ट वर्षांची होती. नकार मिळाला नसता तर ती या व्यवसायात आलीच नसती, तेव्हा झाले ते बरेच झाले, असे म्हणण्याचा मोह होतो. मला तसे म्हणावेसे वाटत नाही. तो अन्याय होता आणि तो अन्यायच राहतो. मोठेपणा आहे तो लिओनाचा: विद्यापीठाचे दार बंद झाल्यावर तिने विषय सोडला नाही, त्या विषयाचा अभ्यास करण्याची दुसरी जागा शोधली.

ती जागा म्हणजे हर्बर्ट राइखनर यांचे न्यूयॉर्कमधले दुकान. राइखनर मूळचे व्हिएन्नाचे. ग्रंथप्रेमींसाठीचे ‘फिलोबिब्लॉन’ हे नियतकालिक ते तिथे चालवत, आणि जर्मनीत दारे बंद झाल्यावर श्टेफान त्स्वाइगची पुस्तकेही त्यांनीच काढली. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर जे ज्यू ग्रंथव्यावसायिक देशोधडीला लागले, त्यांत ते होते. व्हिएन्नाचेच एच. पी. क्राउस याच लाटेत अमेरिकेत आले आणि पुढे जगातल्या मोठ्या ग्रंथविक्रेत्यांत गणले गेले. या माणसांनी सोबत आणलेला माल थोडा होता, विद्या मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची होती. अमेरिकेतल्या दुर्मीळ ग्रंथांच्या व्यवसायाला अभ्यासाची जी शिस्त लागली, तिच्यात या निर्वासितांचा वाटा फार मोठा आहे. लिओनाने पाच वर्षे राइखनर यांच्याकडे उमेदवारी केली. मालक तापट होता, बोलणी खावी लागत. पण त्या पाच वर्षांत ती जे शिकली ते कुठल्याही वर्गात शिकवले जात नव्हते.

काय शिकली, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. हातकागदाच्या काळात छापलेले पुस्तक हाती घेतले की जाणकार आधी मजकूर वाचत नाही. तो पान उजेडासमोर धरतो. कागद गाळण्याच्या साच्यातल्या तारांच्या रेषा त्यात दिसतात, आणि बहुधा एक जलचिन्हही. ताव एकदाच दुमडून पाने केली असतील तर ठळक रेषा उभ्या येतात आणि जलचिन्ह पानाच्या मध्यावर पडते, हा फोलिओ. दोनदा दुमडला तर रेषा आडव्या होतात आणि जलचिन्ह शिलाईच्या घडीत जाते, हा क्वार्टो. तीनदा दुमडला तर रेषा पुन्हा उभ्या आणि जलचिन्ह घडीलगत वरच्या कोपऱ्यात, हा ऑक्टाव्हो. मग तो पानांच्या तळाशी छापलेली अक्षरे पाहतो. प्रत्येक फर्म्याला एक अक्षर दिलेले असते, म्हणजे बांधणाऱ्याच्या हातून क्रम चुकू नये. ही अक्षरे ओळीने तपासत गेले की कुठले पान गळाले आहे, कुठले दुसऱ्या प्रतीतून आणून बसवले आहे, हे कळते. पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला असतो. तो जुळला नाही की थांबायचे. इतके झाल्यावर नामपत्र, अर्पणपत्रिका, छपाईचा परवाना, शेवटच्या पानावरची मुद्रकाची नोंद. मजकूर त्यानंतर.

याच नजरेने अल्कॉटचे कोडे सुटले. मॅडलिनने १९४२ साली मार्गारेट फुलरचे चरित्र प्रसिद्ध केले होते आणि आता तिच्या मनात लुइसा मे अल्कॉटचे चरित्र होते. अल्कॉटच्या आवृत्त्या जमवणारे संग्राहक कॅरोल विल्सन यांनी दोघींना सुचवले की, अल्कॉटने कुठल्यातरी टोपणनावाने लिहिले असावे असा संशय आहे, ते नाव तुम्ही शोधा. दोघी हार्वर्डला गेल्या. तिथल्या हॉटन ग्रंथालयात अल्कॉट कुटुंबाचे कागद होते. ते चाळताना लिओनाच्या हाती बोस्टनच्या जेम्स एलियट या प्रकाशकाची पत्रे लागली. एलियट हे एलियट, थोम्स अँड टॅलबट या पेढीचे. ‘द फ्लॅग ऑफ अवर युनियन’ हे गोष्टींचे साप्ताहिक त्यांचे. पत्रांत कथांची नावे होती, मानधनाचे आकडे होते, आणखी लिहा असा आग्रह होता, आणि ‘ए. एम. बर्नार्ड’ हे नाव होते.

लेखिकेच्या कागदपत्रांत बहुतेक अभ्यासक रोजनिशी शोधतात, घरच्यांची पत्रे शोधतात, थोरामोठ्यांच्या सह्या शोधतात. अल्कॉटच्या बाबतीत तर वडील ब्रॉन्सन अल्कॉट, कॉन्कॉर्डचे शेजारी इमर्सन आणि थोरो, अशी नजर वेधून घेणारी माणसे भोवती होती. कुठल्याशा साप्ताहिकाच्या मालकाने पैशांविषयी लिहिलेली पत्रे कोण लक्षपूर्वक वाचतो? ज्या मुलीने स्ट्रासबर्गला मुद्रकांचा माग काढला होता आणि पुस्तकामागे प्रकाशक नावाचा माणूस असतो हे जिला पक्के ठाऊक होते, तिने ती वाचली. ज्या विचारासाठी तिचा प्रबंध नाकारला गेला, तोच विचार इथे फळाला आला.

लिओनाचा शोधनिबंध १९४३ साली अमेरिकेच्या ग्रंथसूची-अभ्यासक संस्थेच्या पत्रिकेत आला. त्याच वर्षी मॅडलिनला अल्कॉटच्या चरित्रासाठी गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली आणि ते चरित्र १९५० साली प्रसिद्ध झाले. पण टोपणनाव कळले, तरी कथा वाचकांसमोर नव्हत्या. त्या ज्या साप्ताहिकांत छापल्या गेल्या, ती स्वस्त कागदावरची, वाचून टाकून द्यायची. त्यांचे अंक मोजक्याच ठिकाणी उरले होते. अखेर १९७५ साली मॅडलिनने त्यांतल्या निवडक कथा संपादित करून ‘बिहाइंड अ मास्क’ हा संग्रह काढला. १९७६ साली दुसरा. शीर्षककथेतली जीन म्यूर घरात शिक्षिका म्हणून येते. कोवळी, निराधार, सोशिक मुलगी असल्याचा आव आणते. प्रत्यक्षात ती तिशीतली, रंगभूमीवर मुरलेली, आयुष्याने पोळलेली बाई आहे, आणि आपल्या अभिनयाच्या जोरावर त्या श्रीमंत घराची मालकीण होऊनच थांबते. मेग, ज्यो, बेथ आणि ॲमीच्या प्रेमळ लेखिकेने हे लिहिले होते! स्त्रीमुक्तीच्या चळवळीने भारलेल्या त्या दशकात या संग्रहाचे जोरदार स्वागत झाले आणि अल्कॉटकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. मुलींसाठी गोड गोष्टी लिहिणारी बाई या चौकटीतून ती बाहेर आली. राग, महत्त्वाकांक्षा, पैशाची निकड आणि सत्तेची भूक यांचे भान असलेली लेखिका म्हणून तिचा अभ्यास सुरू झाला. पुढे तिची पत्रे (१९८७) आणि रोजनिशी (१९८९) अन्य दोन अभ्यासकांसह संपादित करण्यातही मॅडलिन होती.

या शोधाने दोघींना कीर्ती दिली, पण त्यांचे रोजचे काम दुसरेच होते, आणि या पुस्तकातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग त्याविषयीचा आहे. १९४७ साली त्या प्रथम युरोपात पुस्तके खरेदी करायला गेल्या. लंडन युद्धातून नुकतेच बाहेर पडले होते. पुस्तकव्यवसायाचे माहेरघर असलेला पेटरनॉस्टर रो हा रस्ता २९ डिसेंबर १९४०च्या रात्री बाँबफेकीत जळाला होता आणि लक्षावधी पुस्तकांची राख झाली होती. तरीही तिथल्या दुकानांच्या तळघरांतून आणि वरच्या फळ्यांवरून जुना माल निघत होता. विकणाऱ्यांना पैशाची गरज होती. दुसरीकडे अमेरिकेत युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारने शिक्षणाची सोय करून दिल्यामुळे विद्यापीठे झपाट्याने वाढत होती आणि त्यांना संशोधनासाठी मूळ ग्रंथ हवे होते. हॉटन ग्रंथालय १९४२ साली उभे राहिले होते. पुढे इंडियानात लिली ग्रंथालय १९६० साली आणि येलला बायनेकी ग्रंथालय १९६३ साली झाले. जुन्या जगातून नव्या जगाकडे पुस्तकांचा जो ओघ त्या दशकांत वाहिला, त्यात या दोघी होत्या.

हा ओघ पूर्णपणे निरागस नव्हता. ज्यांचे चलन पडले होते त्यांच्याकडून ज्यांचे चढे होते त्यांच्याकडे ग्रंथ जात होते, हे विसरून चालणार नाही. पण त्यांपैकी पुष्कळसे ग्रंथ कुणा धनिकाच्या दिवाणखान्यात बंद झाले नाहीत. ओळखपत्र दाखवून कुणीही बसून वाचू शकेल अशा ग्रंथालयांत गेले. आणि ते तिथे पोहोचले ते नुसते वस्तू म्हणून नव्हे. कोणी छापले, का छापले, याच्या आधी आणि नंतर काय छापले गेले, ही माहिती सोबत घेऊन ते गेले. लिओना आणि मॅडलिन यांचे कर्तृत्व यात आहे.

त्यांना विशेष ओढ होती ती किरकोळ दिसणाऱ्या पुस्तिकांची. मोठ्या ग्रंथाची किंमत सर्वांनाच कळते. आठ-सोळा पानांची, बांधणी नसलेली, कुणाच्या नजरेत न भरणारी राजकीय चोपडी ओळखायला अभ्यास लागतो. सतराव्या शतकातल्या फ्रेंच पुस्तकांवर पुष्कळदा प्रकाशक म्हणून एक नाव दिसते: कोलोनचा प्येर मार्तो. हा माणूस कधी अस्तित्वातच नव्हता. चौदाव्या लुईच्या राजवटीवर टीका करणारी, दरबारातल्या भानगडी उघड करणारी, धर्माविषयी वावगे बोलणारी पुस्तके छापणाऱ्यांनी, मुख्यतः हॉलंडमधल्या मुद्रकांनी, राजाच्या हाताला लागू नये म्हणून हे नाव घेतले होते. म्हणजे नामपत्रावरचे गाव खोटे, प्रकाशक खोटा, लेखकाचे नाव नाहीच, आणि कधीकधी वर्षावरही विश्वास ठेवता येत नाही. मग खरे कशावरून ठरवायचे? पहिल्या परिच्छेदाच्या माथ्यावरच्या वेलबुट्टीवरून, खिळ्यांच्या घडणीवरून, एखाद्या तुटक्या दागिन्याच्या ठशावरून, कागदावरून. तीच वेलबुट्टी, तोच तडा गेलेला ठसा एखाद्या मुद्रकाच्या खऱ्या नावाने निघालेल्या पुस्तकात सापडला की चोर पकडला जातो. लिओनाचे ‘द मायनॉरिटी प्रेस अँड द इंग्लिश क्राउन’ (१९७१) हे पुस्तक याच प्रकारच्या जगाचे आहे: १५५८ ते १६२५ या काळात इंग्लंडच्या सत्तेला नको असलेले लेखन कोण आणि कसे छापत होते, याचा तो अभ्यास आहे.

अशा शोधाची फलश्रुती म्हणजे कॅटलॉगमधली एक नोंद. लेखक, नाव, गाव, मुद्रक, वर्ष, आकार, पानांची मोजणी, बांधणी कोणत्या काळातली, पहिले पान डागाळलेले, समासात कसरीने पोखरलेले, शेवटचे कोरे पान नाही, कोणत्या प्रमाण ग्रंथसूचीत हे पुस्तक नोंदले आहे आणि कोणत्या सूचीत नाही, आणि शेवटी चार-सहा ओळींत या पुस्तकाचे महत्त्व. सगळा ऐवज अर्ध्या पानाचा. पण या अर्ध्या पानाची जबाबदारी फार कडक असते. विद्वान चुकला तर दुसरा विद्वान काही वर्षांनी त्याचे खंडन करतो. विक्रेता चुकला तर पुस्तक पुढच्या टपालाने परत येते, पैसे परत करावे लागतात आणि ग्राहक दुरावतो. शिवाय पुस्तक आधी स्वतःच्या पैशाने विकत घ्यायचे असते. ते काय आहे याचा अंदाज त्या क्षणी, दुसऱ्याच्या दुकानात उभ्याउभ्या करायचा असतो. दोघी म्हणत की ही जाण बोटांच्या टोकांत उतरावी लागते. ती दैवी देणगी नव्हे. हजारो पुस्तके हाताळून, त्यांच्याविषयी वाचून आणि पुन्हा हाताळून ती येते. पैसा पणाला लागलेला असतो म्हणून विक्रेत्याची नजर संशोधकाहून बोथट होते, असे आपण समजतो. या दोघींच्या बाबतीत त्याच कारणाने ती अधिक धारदार झाली.

या पुस्तकाच्या लेखिकेने दोघींच्या ग्रंथसंपदेचा जो परिचय दिला आहे, तो वाचताना दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. लिओना सोळा-सतराव्या शतकांतल्या युरोपात रमली. इंग्लंडमधले प्रकाशन, छपाई आणि ग्रंथविक्री यांवरचा तिचा दोन खंडांचा ग्रंथ १९६५ साली आला. रॉबर्ट हुक या वैज्ञानिकाच्या ग्रंथसंग्रहावरचे तिचे पुस्तक १९८९ सालचे. हुक १७०३ साली वारला आणि त्याच वर्षी त्याच्या पुस्तकांचा लिलाव झाला. लिलावाची छापील यादी आणि हुकची रोजनिशी शेजारी ठेवून लिओना त्याचा संग्रह आणि त्या काळचा वैज्ञानिक ग्रंथव्यवहार पुन्हा उभा करते. पेशींना नाव देणारा, सूक्ष्मदर्शकातून पिसू पाहून तिचे चित्र काढणारा हा माणूस डक लेन आणि मूरफील्ड्सच्या जुन्या पुस्तकांच्या ठेल्यांवर भटकत असे. काय घेतले, कोणाकडून घेतले, हे टिपून ठेवत असे. या नोंदींचे मोल कळायला विक्रेत्याचेच मन हवे.

मॅडलिनचा मुलूख एकोणिसाव्या शतकातली अमेरिका. नवऱ्याच्या पश्चात त्याची डबघाईला आलेली प्रकाशनसंस्था सावरणाऱ्या मिसेस फ्रँक लेस्लीचे चरित्र (१९५३), अमेरिकेच्या सीमेलगतच्या प्रकाशकांचा इतिहास (१९५६), निरनिराळ्या व्यवसायांत पहिले पाऊल टाकणाऱ्या स्त्रियांवरचे ‘वुई द विमेन’ (१९६३), कवटीच्या ठेवणीवरून स्वभाव सांगणाऱ्या फाउलर बंधूंवरचे पुस्तक (१९७१). या फाउलरांच्या पेढीनेच वॉल्ट व्हिटमनच्या ‘लीव्ह्‌ज ऑफ ग्रास’ची पहिली आवृत्ती विकायला ठेवली होती आणि दुसरी, आपले नाव न घालता, काढली होती. महाकवीमागेही एक प्रकाशक असतो, आणि तो कसलाही असू शकतो! १९८५ साली मॅडलिनने अमेरिकेतल्या जुन्या ग्रंथांच्या विक्रीचा इतिहास लिहून आपल्या व्यवसायाचे ऋण फेडले.

ऋण त्यांनी आणखी एका मार्गाने फेडले. अमेरिकेतल्या दुर्मीळ ग्रंथविक्रेत्यांची संघटना १९४९ साली स्थापन झाली, तिच्या कामात दोघी पहिल्यापासून होत्या. न्यूयॉर्कमध्ये १९६० साली भरलेल्या पहिल्या ग्रंथमेळ्यासाठी त्यांनी पुढाकार घेतला आणि लिओना १९७२ ते १९७४ या काळात संघटनेची अध्यक्ष होती. आपापल्या गिऱ्हाइकाला चिकटून बसणाऱ्या दुकानदारांनी एका छताखाली टेबले मांडावीत आणि वाटेल त्याने येऊन पाचशे वर्षांपूर्वीचे पुस्तक हातात घ्यावे, ही कल्पना त्या वेळी सोपी नव्हती.

वयाची साठी उलटल्यावर त्या आठवणी लिहू लागल्या. ‘ओल्ड अँड रेअर’ १९७४ साली आले. सर्वाधिक वाचले गेले ते १९९७ सालचे ‘ओल्ड बुक्स, रेअर फ्रेंड्स’. त्यात दोघी आळीपाळीने बोलतात. एकीने सुरू केलेला धागा दुसरी उचलते, तिला पटले नसेल तर तसे सांगते. ते छापून आले तेव्हा लिओना अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. दोघींनी लग्न केले नाही. एकमेकींच्या सोबतीवर आणि कामावर आयुष्य उभे केले. त्या मैत्रीविषयी पुष्कळ तर्क लढवले गेले आहेत. लेखिकेने त्यांना थारा न देता, दोघींनी स्वतः जे आणि जेवढे सांगितले तेवढेच सांगितले आहे, हे मला फार योग्य वाटते.

मराठीत हे पुस्तक यावे याला आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या घरचे आहे. १८६७ पूर्वी छापलेल्या मराठी पुस्तकांना आपले अभ्यासक दोलामुद्रिते म्हणतात. शिळाप्रेसवरची चोपडी, मिशनऱ्यांनी वाटलेल्या पुस्तिका, क्रमिक पुस्तके, पंचांगे असे त्यांचे रूप. शं. ग. दाते यांनी १८०० सालापासूनच्या मराठी ग्रंथांची सूची अपार कष्टांनी केली. अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या छपाईचा इतिहास १९५८ साली इंग्रजीत सिद्ध केला. ही कामे करणाऱ्यांना एकेका पुस्तकासाठी किती दारे ठोठवावी लागली असतील याची कल्पना करता येते. पाया एवढा भक्कम असताना त्यावर चढलेले मजले थोडे आहेत. आपल्याकडचे जुने पुस्तक अजूनही मजकुरापुरतेच ओळखले जाते. पुन्हा बांधताना त्याचे मूळ वेष्टन फेकून देतात, समास कापतात, मागच्या पानांवरच्या जाहिराती काढून टाकतात. छापखान्याचा पत्ता, किंमत, वर्गणीदारांची यादी, पहिल्या मालकाची सही आणि तारीख हा सगळा पुरावा आहे, आणि कोणी कोणासाठी काय छापले याची उत्तरे त्यातच आहेत, हे अजून आपल्या अंगवळणी पडलेले नाही.

मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या आसपास पदपथावर पुस्तके मांडणारे, पुण्यात आणि गावोगावी जुन्या पुस्तकांची दुकाने सांभाळणारे अनेक विक्रेते अतिशय जाणकार आहेत. कुठली आवृत्ती कधीची, कुठल्या आवृत्तीत कुठले चित्र होते आणि पुढे ते गाळले, हे त्यांतल्या कितीकांना तोंडपाठ असते. पण ते तोंडातच राहते, माणसाबरोबर जाते. लिओना आणि मॅडलिन यांच्याकडून घ्यायचा धडा नेमका इथला आहे. त्यांनी आपल्या हाताखालून गेलेले पुस्तक लिहून ठेवल्याशिवाय पुढे जाऊ दिले नाही. पुस्तक विकले गेले, नोंद राहिली. आणि ती नोंद आज त्या पुस्तकाच्या मालकाइतकीच इतर अभ्यासकांच्याही उपयोगाची आहे.

म्हणून हे पुस्तक ग्रंथप्रेमींनी वाचावे हे तर आहेच, पण त्याहून अधिक ते तीन प्रकारच्या माणसांच्या हाती पडावे अशी माझी इच्छा आहे. संशोधनाची आवड असून विद्यापीठात जागा न मिळालेल्या तरुण मुलामुलींच्या. आजोबांच्या कपाटातल्या पुस्तकांचे काय करावे या विचारात पडलेल्या घरांच्या. आणि रोज शेकडो जुनी पुस्तके हाताळणाऱ्या आपल्या विक्रेत्यांच्या. पहिल्यांना यातून कळेल की विद्येला एकच दार नसते. दुसऱ्यांना कळेल की वजनावर विकण्याआधी कुणा जाणत्याला ते कपाट दाखवायला हवे. तिसऱ्यांना आपल्याच कामाचे खरे मोल कळेल. एखाद्याने यांतून उठून आपल्या दुकानातल्या पन्नास जुन्या मराठी पुस्तकांची नीट, पान न पान तपासलेली, नावगाव आणि उणिवा सांगणारी यादी छापली, तरी या लेखिकेच्या श्रमांचे चीज झाले असे मी म्हणेन. त्या यादीची पहिली प्रत विकत घेणाऱ्यांत मी असेन.